पाळणाघराला सुट्टी, आईबाबांना नाही!

सकाळी आठला निरोप येतो, "ताईंना बरं नाही, आज पाळणाघर बंद." अशा वेळी धावपळ टाळायची, तर तयारी आधीच हवी.

पाळणाघराकडून वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी मागून घ्या. गणपती, दिवाळीच्या ठरलेल्या सुट्ट्यांसाठी गावाकडच्या आजी-आजोबांना वेळेत कळवता येतं. रजाही आईबाबांनी वाटून घ्यावी. एकट्या आईनंच का घ्यायची?

अचानकच्या सुट्टीसाठी मात्र जवळचं माणूस लागतं. सोसायटीतल्या दोन-तीन कुटुंबांनी आळीपाळीनं मुलं सांभाळायचं ठरवावं. आपण घरी असताना एखादा दिवस मुलाला तिथं खेळायला पाठवा, म्हणजे नवं घर परकं वाटत नाही. सोबत एक कागद द्या: जेवणाच्या वेळा, औषधं, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर आणि मुलाला न्यायला कोण येणार त्याचं नाव. मूल आजारी असेल, तर मात्र ते दुसऱ्या मुलांत नको; त्या दिवशी रजाच घ्यावी.

आपल्या कार्यालयातही चौकशी करा. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन बाळाला भेटण्याची मुभाही दिली.

तेव्हा श्रोतेहो, या रविवारीच शेजाऱ्यांशी बोला आणि दोन पर्यायी नावं नक्की करून ठेवा.