भिंगाची टोपी : कमी खर्चात योग्य लेन्स हूड कसे निवडावे
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात सभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या उत्सवाचे फोटो कोणी बाहेरचा फोटोग्राफर काढत नाही, आपलीच मुले काढतात. आरतीला उभे असलेले आजी-आजोबा, अथर्वशीर्ष म्हणणारी मुले, ढोल-ताशा हे सारे त्या फोटोंतच राहते. गावाकडच्या नातेवाइकांना तेच पाठवले जातात आणि स्मरणिकेतही तेच छापले जातात. पण दरवर्षी त्यातले कितीतरी फोटो पांढुरके, धुरकट निघतात. दोष कॅमेऱ्याचा समजून घरात नव्या कॅमेऱ्याची मागणी सुरू होते. पन्नास हजारांचा विचार करण्याआधी दोन-तीनशे रुपयांच्या एका वस्तूचा विचार करावा, एवढेच आज सांगायचे आहे. ती वस्तू म्हणजे लेन्स हूड, साध्या भाषेत भिंगाची टोपी.

मी रेल्वेच्या सिग्नल विभागात काम करतो. प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे राहून सिग्नलकडे पाहिलेत तर प्रत्येक दिव्यावर पुढे आलेली टोपी दिसेल. ती पावसासाठी नसते. सूर्य खाली असताना ऊन सरळ भिंगात शिरले, तर न पेटलेला दिवाही पेटल्यासारखा भासू शकतो. ड्रायव्हरला खोटा रंग दिसणे किती धोक्याचे, ते सांगायला नको. दिवे आता एलईडीचे झाले, पण टोपी गेली नाही. कॅमेऱ्याच्या हूडचे कामही हेच आहे. जो प्रकाश चित्रात यायचाच नाही, तो काचेवर पडू द्यायचा नाही. तसा प्रकाश आत शिरला की काचांमध्ये इकडून तिकडे परावर्तित होतो. मग काळा रंग राखाडी होतो आणि फोटोत रंगीत ठिपके उमटतात.

दिल्लीत याची गरज जास्त. डिसेंबरअखेर भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो, तर दिल्लीत जेमतेम ३८ अंश. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर ऊन तिरपेच. मांडवात फोकस आणि माळा चारी बाजूंनी असतात, ते वेगळेच.

आता खरेदीकडे वळू. लक्षात ठेवायचे मुद्दे असे :

१) मॉडेल पाहा, नुसता आकडा नको. लेन्सवर एका छेदलेल्या वर्तुळापुढे ५२, ५५, ५८ असा आकडा असतो. तो फिल्टरच्या आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आट्यांवर बसणाऱ्या हूडला तो पुरतो. पण खटक्याने बसणाऱ्या हूडला लेन्सचे पूर्ण नाव लागते. कॅननची १८-५५ घ्या. जुनी आयएस २ आणि नंतरची एसटीएम, दोन्हींचा व्यास ५८. तरी पहिलीला ईडब्ल्यू-६०सी आणि दुसरीला ईडब्ल्यू-६३सी हूड लागते. निकॉनच्या १८-५५ मध्येही तसेच. जुन्या व्हीआरला एचबी-४५, तर एएफ-पीला एचबी-एन१०६.

२) पाकळ्यांचे की गोल? चित्र आडवे असते, म्हणून पाकळ्यांच्या हूडची लांब पाकळी वर-खाली आणि आखूड पाकळी बाजूला येते. काही जुन्या लेन्सचे पुढचे तोंड फोकस करताना फिरते. त्यावर पाकळ्यांचे हूड लावले तर पाकळ्याही फिरतात आणि कोपरे काळे येतात. अशा लेन्सला गोल हूडच घ्यावे.

३) खोली. लांबचे फोटो काढणाऱ्या लेन्सला खोल हूड, जवळचे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सला उथळ. खोल ते चांगले असे समजून कोणतेही उचलू नये.

४) आतला रंग. आतून काळा आणि चमक नसलेला हवा. स्वस्त प्लॅस्टिक चकाकत असेल तर आतून काळा मखमली कागद चिकटवावा. दहा मिनिटांचे काम आहे.

५) किंमत. मूळ कंपनीचे हूड बरेचदा हजार-दोन हजारांच्या घरात जाते. जेजेसीसारख्या इतर कंपन्यांचे किंवा बिननावाचे हूड त्याच्या एका अंशात मिळते. यात काच नाही, वीज नाही, ही एक आकार दिलेली नळी आहे. ती घट्ट बसली आणि कोपरे काळे आले नाहीत, की काम झाले. चांदणी चौकात कूचा चौधरीच्या फोटो बाजारात कॅमेरा सोबत घेऊन जा आणि तिथेच लावून पाहा.

दुकानातली चाचणी सोपी आहे. झूम सर्वांत रुंद ठेवा, फोकस दूरवर, छिद्र एफ/१६, आणि पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो घ्या. चारही कोपरे सारखे उजळ असतील तर पैसे द्या.

आपल्यासारख्या प्रवासी मंडळींना मी दुमडणारे रबरी हूड सुचवीन. ते आट्यांवर बसते आणि स्वस्त असते. गावी जाताना एसी डब्याच्या काचेला ते हलकेच टेकवले की आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब जाते. जोरात दाबू नये, नाहीतर गाडीचा हादरा कॅमेऱ्यात येतो. चाणक्यपुरीच्या रेल्वे संग्रहालयात काचेमागच्या वस्तूंनाही हीच युक्ती चालते.

हूडच्या मर्यादाही सांगतो. निरांजनाची ज्योत किंवा फोकस चित्रातच असेल तर हूड काही करू शकत नाही, उभे राहण्याची जागा बदलावी. दिल्लीचे धुके आणि धूर त्याने कमी होत नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश वापरताना हूड काढावे, नाहीतर चित्राच्या खालच्या भागात त्याची सावली पडते. आणि उलटे लावलेले हूड हे बॅगेत ठेवण्यासाठी असते, तसेच ठेवून फोटो काढण्यात अर्थ नाही. एक फायदा मात्र जादा आहे. गर्दीत धक्का लागला तर आधी हूड आपटते, काच वाचते.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी काच पुसावी आणि उन्हाच्या बाजूने तळहात आडवा धरावा. हे बिनपैशाचे हूड!

आपल्या ज्येष्ठांचा या वर्षीच्या आरतीचा फोटो पुढच्या वर्षी पुन्हा काढता येत नाही. तो या वर्षीच नीट यावा, यासाठी एवढे सांगितले. छायाचित्रण सांभाळणाऱ्या मुलांनी विसर्जनाआधी आपापल्या लेन्सची पूर्ण नावे लिहून माझ्याकडे द्यावीत, कोणते हूड लागेल ते पाहून सांगेन.

गणपती बाप्पा मोरया!