अनुभवाचा दाखला : प्रसूती परिचर्येच्या उच्च शिक्षणासाठी अर्ज करताना

(आंतरराष्ट्रीय प्रसाविका दिनानिमित्त ५ मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजच्या दिवशी प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांनी बोलावे, अशी माझी विनंती होती. ती मान्य झाली नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. या संस्थेत हिशेबनीस म्हणून रुजू झालो आणि कालांतराने प्रशासकाच्या खुर्चीवर आलो. प्रसूतिशास्त्राचा मला गंध नाही. मात्र आपल्या परिचारिका पुढील शिक्षणासाठी अर्ज करतात, तेव्हा त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यावर सही माझी असते. त्या सहीविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी मानतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपल्या देशात जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करणाऱ्या विद्यार्थिनीची नोंदणी दुहेरी होते, परिचारिका म्हणून आणि प्रसाविका म्हणूनही. कागदावर ती दोन्ही असते. शिक्षणाच्या काळात तिला प्रसूतींची नोंदवही पूर्ण करावी लागते. जुन्या अभ्यासक्रमात स्वतः केलेल्या २० सामान्य प्रसूतींची अट होती. पण मोठ्या रुग्णालयात टेबलाशी निवासी डॉक्टर उभे असतात, त्यांच्या मागे वैद्यकीय विद्यार्थी, आणि सर्वांत मागे हातात ट्रे घेतलेली आमची मुलगी. एकाच बाळाचा जन्म तीन-चार वह्यांत नोंदला गेल्याचे कित्येक परिचारिकांनीच मला हसत हसत सांगितले आहे. त्यांच्यासोबत मीही हसलो होतो. आज ते आठवून संकोच वाटतो.

पुढे या मुलींपैकी एखादीला प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या या विषयात एम.एस्सी. करावेसे वाटते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार बी.एस्सी.नंतर किमान एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. तो कोणत्या विभागातला, हे नियम विचारत नाही. दाखल्यावर रुजू झाल्याची तारीख, आजची तारीख, माझी सही आणि गोल शिक्का असला की काम भागते.

सुमारे सहा वर्षांपूर्वी अशीच एक तरुण परिचारिका माझ्याकडे आली. नाव सांगत नाही. हा अहवाल तिच्या हाती पडला तर ती ओळखेलच. अर्जाची मुदत जवळ आली होती आणि तिच्या सेवेला अकरा महिने झाले होते. एक महिना अधिक लिहून द्यावा, एवढेच तिचे मागणे होते. वडील सोबत आले होते. दूरच्या गावाहून, रात्रीच्या एस.टी.ने. ते काही बोलले नाहीत, टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी हजेरीपुस्तक मागवले, तारखा पडताळल्या आणि नकार दिला. तारखेत फेरफार करणे माझ्या हिशेबी स्वभावात बसत नव्हते, आणि आजही मला तो नकार चुकीचा वाटत नाही.

ती रडली नाही. दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, “सर, एक महिना कमी आहे तो तुम्हाला दिसला. अकरा महिन्यांत मला प्रसूतिकक्षात किती वेळा पाठवलं, तेही त्या पुस्तकात आहे. तेवढं पाहाल का?”

सायंकाळी कार्यालय रिकामे झाल्यावर मी ड्यूटीची वही काढून बसलो. डायलिसिस विभागात पाच महिने, बाह्यरुग्ण विभागात तीन, पुरुषांच्या वॉर्डात बदलीवर दीड, उरलेला काळ इकडे तिकडे. प्रसूतिकक्षात बावीस रात्री. त्यानंतर प्रसूतींचे रजिस्टर पाहिले. ‘प्रसूती कोणी केली’ या रकान्यात तिचे नाव एकदाही नव्हते. महिनाभराने मी आनंदाने सही केली असती, दाखला अक्षरशः खरा ठरला असता, आणि प्रसूतीच्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊन उद्या इतरांना शिकविणारी एक व्यक्ती आम्ही अशा रीतीने प्रमाणित केली असती.

दोष तिचा नव्हता. जिथे जागा रिकामी पडेल तिथे नवी मुलगी पाठवायची, ही आमची रीत होती. प्रसूतिकक्षाच्या इन्चार्ज सिस्टरना मध्यरात्री सरावलेले हात हवे असतात. शिकाऊ मुलगी सोबत दिली की त्यांचे काम वाढते. त्यांचेही म्हणणे रास्त आहे. परंतु सरावलेले हात कुठून तयार होतात, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता.

त्यानंतर या विषयावर मला जे जे वाचायला मिळाले ते मी वाचले. इंग्लंडमध्ये परिचारिका न होताही थेट तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करून प्रसाविका होता येते. अमेरिकेत परिचारिका-प्रसाविका होण्यासाठी २०१० पासून पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. तिथे काही विद्यापीठे अन्य विषयांच्या पदवीधरांनाही घेतात आणि आधी परिचर्येचे शिक्षण देऊन मग या विषयाकडे नेतात. येल विद्यापीठात अशी सोय १९७४ मध्ये सुरू झाली. हे वाचून मी चकित झालो. एक दिवसाचा अनुभव नसलेली व्यक्ती, आणि तिला प्रवेश! पण त्यामागचा हिशेब नंतर उमगला. अनुभव ते आधी मागत नाहीत, कारण तो अभ्यासक्रमातच देण्याची जबाबदारी घेतात. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार प्रशिक्षणार्थी प्रसाविकेने देखरेखीखाली किमान ४० प्रसूती करावयाच्या असतात आणि गर्भवतींच्या किमान १०० तपासण्या. प्रसूती पुरेशा उपलब्ध नसतील, तर ४० ऐवजी ३० चालतात, पण आणखी २० प्रसूतींत साहाय्य करावे लागते. तिथे वर्षे मोजण्यापेक्षा बाळंतपणे मोजतात.

आपल्याकडेही वारे बदलत आहेत. केंद्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि नोंदणीकृत परिचारिकांसाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम पुढे आणला. त्याच्या पात्रतेत नुसती नोकरीची वर्षे नाहीत, प्रसूती करण्याचा अनुभव अपेक्षित आहे. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा संमत केला. प्रसाविका हा शब्द कायद्याच्या नावातच आला, याचे मला विशेष वाटते.

म्हणून अर्ज करू इच्छिणाऱ्या मुलींना माझे सांगणे असे. अनुभव कमी असणे हा कलंक नव्हे. ज्या अभ्यासक्रमाला जाल, तो अनुभव देणारा आहे की गृहीत धरणारा, हे आधी विचारून घ्या. देणारा असेल तर निःसंकोच अर्ज करा आणि जेवढे केले तेवढेच लिहा : किती प्रसूती पाहिल्या, किती वेळा साहाय्य केले, किती स्वतःच्या हाताने केल्या. पार्टोग्राफ भरता येतो का? कळा देणाऱ्या बाईजवळ रात्रभर बसला आहात का? पहिलटकरणीला बाळ छातीशी कसे धरावे ते दाखविले आहे का? प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंसोबत गर्भवतींच्या घरी गेला असाल, तर तेही लिहा. मुली हे क्षुल्लक समजून वगळतात. अभ्यासक्रम अनुभव गृहीत धरणारा असेल, तर एक वर्ष थांबणे कदाचित श्रेयस्कर. आणि शिफारसपत्र माझ्याकडून घेऊ नका. मी तुमची हजेरी पाहिली आहे, तुमचे हात पाहिलेले नाहीत. रात्री दोन वाजता ज्या सिस्टर तुमच्या शेजारी उभ्या होत्या, त्यांच्याकडून घ्या.

त्या मुलीविषयी सांगायचे राहिले. ती आमच्याकडे आणखी एक वर्ष राहिली, या वेळी प्रसूतिकक्षात. इन्चार्ज सिस्टरनी तिला प्रारंभी फार कठोरपणे वागविले, असे ऐकतो. पुढच्या वर्षी तिने अर्ज केला, प्रवेश मिळाला आणि ती आपल्याला सोडून गेली. आज दुसऱ्या शहरात शिकविते. एका विश्वस्तांनी तेव्हा मला विचारले होते, “आपण घडवायचे आणि दुसऱ्याने न्यायचे, हा कसला व्यवहार?” ताळेबंदात याचे उत्तर मला आजतागायत सापडलेले नाही. एवढेच सांगू शकतो की आपल्या प्रसूतिकक्षातील आजच्या दोन सिस्टर दुसऱ्या कोणत्या तरी रुग्णालयाने शिकविलेल्या आहेत, आणि त्यांचे बिल आपल्याला कोणी पाठविलेले नाही.

तेव्हापासून दाखल्याचा आमचा नमुना बदलला आहे. त्यावर विभागवार महिने असतात आणि मागील बाजूस प्रसूतींच्या नोंदी, प्रत्येक नोंदीपुढे देखरेख करणाऱ्या सिस्टरची सही. पाहिलेली, साहाय्य केलेली आणि स्वतः केलेली प्रसूती असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना फार सावकाश भरतो. रुग्णांच्या नातेवाइकांना मी मुद्दाम सांगू इच्छितो की शिकाऊ परिचारिकेच्या हाताशी अनुभवी सिस्टर उभी असल्याशिवाय हा रकाना भरला जात नाही.

देणगीदारांसमोर एक आकडा ठेवतो. प्रसूतिकक्षाच्या प्रत्येक पाळीत एक शिकाऊ परिचारिका नेहमीच्या संख्येहून अधिक ठेवायची, तर रजा व सुट्या धरून चार पदे लागतात. त्यांपैकी दोन पदांचे वेतन विश्वस्त मंडळाने सामान्य निधीतून मंजूर केले आहे. उरलेल्या दोन पदांची तरतूद अद्याप झालेली नाही, आणि तोवर रात्रपाळीत ही व्यवस्था रोज ठेवता येणार नाही.

मंजूर झालेल्या दोन पदांसाठीचे अर्ज मेट्रनबाईंच्या कार्यालयात ३१ मेपर्यंत स्वीकारले जातील. अर्जासोबत अनुभवाचा दाखला जोडण्याची आवश्यकता नाही.