अडगळ

(डब्लिन हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील एक शहर. तेथे राहणाऱ्या मराठी मुलांसमोर एका शिक्षकांनी केलेले हे भाषण आहे. घरातील आणि मनातील अडगळ का व कशी दूर करावी, हे त्यांनी या भाषणातून सांगितले आहे.)



तुमच्यापैकी पुष्कळांचे आईवडील या देशात आले, ते दोन मोठ्या बॅगा घेऊन. बॅगेचे वजन ठरलेले. त्यामुळे कढई घ्यावी की पुस्तके, लोणच्याची बरणी घ्यावी की स्वेटर, असा विचार करून त्यांनी एकेक वस्तू निवडली. दोन बॅगांत संसार मावला!

आता तुमच्या घरातले गॅरेज डोळ्यांसमोर आणा. मोडकी खेळणी, लहान झालेले बूट, न उघडलेली खोकी. मोटार मात्र बाहेर उन्हात! हे केवळ तुमच्याच घरी घडते असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी लॉस एंजेलिसमधील ३२ कुटुंबांच्या घरांचा अभ्यास केला. त्यावरील पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध झाले. दर चार गॅरेजपैकी तीन गॅरेजमध्ये सामानामुळे मोटार ठेवण्यास जागाच उरली नव्हती, असे त्यांना आढळले.

एवढे सामान साठते कसे? ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल,’ असे आपण म्हणतो आणि वस्तू ठेवून देतो. तो ‘कधीतरी’ सहसा उगवत नाही. वस्तू मात्र जागा अडवते. ती पुसावी लागते, सांभाळावी लागते, हरवली तर शोधावी लागते. मग वस्तू आपल्यासाठी, की आपण वस्तूंसाठी?

अशा वेळी मला गाडगेबाबांची आठवण होते. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यात झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा आणि एक गाडगे, एवढीच त्यांची मालमत्ता. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे मोठमोठ्या धर्मशाळा उभारल्या. पण स्वतःच्या मालकीचे काहीच ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा. पण मुलांना शिकवा, असे ते लोकांना सांगत. काय सोडायचे आणि काय कधीच सोडायचे नाही, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

बाबा गावात आले, की दिवसा खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनातून ते अंधश्रद्धा, व्यसने आणि जातिभेद यांवर प्रहार करीत. म्हणजे दिवसा गाव झाडायचे आणि रात्री माणसांची मने!

मुलांनो, मनातही अडगळ असते. मागच्या वर्षी मित्र काहीतरी बोलला, त्याचा राग अजून जपलेला असतो. शेजारच्या मुलाला नवी सायकल मिळाली, त्याचा हेवा असतो. परीक्षेत कमी गुण मिळाले, त्याची लाज असते. ही खोकी कोणाला दिसत नाहीत. पण त्यांचे ओझे आपणच वाहतो. रागावलेल्या मित्राशी आपण होऊन बोला. मनातली लाज आईजवळ सांगून टाका. बघा, किती हलके वाटते!

मात्र एक लक्षात ठेवा. सोडणे म्हणजे सगळेच फेकणे नव्हे. आजीने शिवलेली गोधडी म्हणजे अडगळ नाही. पण आजीच्या आठवणीसाठी तिच्या दहा पेट्या ठेवण्याची गरज नसते. एक गोधडी पांघरा, बाकीचे कपडे गरजूंना द्या. देताना धुऊन, नीट घडी घालून द्या. फाटके देऊ नका. आणि ज्याच्याजवळ मुळातच काही नाही, त्याला साधेपणाचा उपदेश करू नका. साधेपणा ज्याने त्याने स्वतःपासून सुरू करायचा असतो.

येत्या रविवारी फक्त एक खण आवरा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन स्वतःला विचारा, ‘ही मी वापरतो का? नसेल, तर ही कोणाच्या उपयोगी पडेल?’ खण रिकामा झाला, की तो लगेच भरण्याची घाई करू नका. थोडी मोकळी जागाही घरात असू द्या. पाहुणा आला तर त्याला बसायला तीच उपयोगी पडते.