मोहल्ल्याचे मुखत्यारपत्र



मोहल्ल्याची नागरिक समिती म्हटली की तुंबलेली गटारे, बंद पडलेले दिवे आणि महापालिकेकडे धाडलेले अर्ज डोळ्यांपुढे येतात. हे काम क्षुल्लक नव्हे. परंतु त्या अर्जाखाली आपण 'समस्त रहिवासी' असे सहज लिहून टाकतो. हे 'समस्त' कोण, एवढाच प्रश्न आज मला मांडावयाचा आहे.

प्रश्न जुना आहे. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी पुण्यात तक्रारी उठल्या आणि त्यातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा जन्मास आली. ती साऱ्या शहराची. पण आपल्या समित्यांनी तिच्याकडून एक गोष्ट उचलावी. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या या सभेत सभासद होऊ इच्छिणाऱ्याला किमान ५० जणांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. नुसत्या वर्गणीने कोणी प्रतिनिधी होत नसे. देवस्थानच्या हिशेबापासून निघालेली ही सभा १८७६-७७ च्या दुष्काळात रयतेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडू शकली, त्यामागे या अटीचे बळ होते असे मला वाटते.

आपल्या इंदुरात मोहल्ले जागे झाले ते निराळ्या रीतीने. प्लेगने गांजलेल्या या नगरीत नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक काढली. त्यासाठी त्यांनी एका दिवसापुरते महाराजपदही मागून घेतले! जो मोहल्ला अधिक स्वच्छ, त्या वाटेने मिरवणूक जाणार, असे जाहीर होताच घरोघर झाडलोट आणि डागडुजी सुरू झाली. त्या मिरवणुकीत सफाई कामगार शुभ्र वस्त्रांत, फुले लेऊन चालले. गेडिस यांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. मात्र मिरवणूक एका दिवसाची असते आणि गटार बारमाही असते. समितीची गरज तेथून पुढे सुरू होते.

मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी ओला व सुका कचरा घरीच वेगळा करण्याचे काम अंगावर घेतले. १९९७ पासून महापालिकेने तशा गल्लीसमित्यांना उत्तेजन दिले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. त्या कायद्याने येतात. आपली समिती लोकांच्या विश्वासाने येते. घरमालकांचीच ती झाली, तर फेरीवाल्याला हटविण्याचा ठराव पाच मिनिटांत संमत होतो, कारण तो बैठकीस नसतोच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वार्षिक सभेपूर्वी कार्यकर्त्यांनी सह्यांसाठी दारोदार जावे. माडीवरच्या भाडेकरूकडे, तळमजल्यावरच्या शिंप्याकडे, धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाईंकडे आणि रस्ता झाडणाऱ्याकडेही जावे. बैठका लांबतील, आवाज चढतील, आपले काही आवडते ठराव पडतील. पडू द्यावेत.