चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

आपल्याकडे अपंगत्व टक्क्यांत मोजतात. १९९५च्या कायद्यात ७ प्रकार होते आणि ४० टक्क्यांखालचा माणूस कायद्याच्या लेखी अपंगच नव्हता. २०१६च्या कायद्याने प्रकार २१ केले. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिडहल्ल्यात होरपळलेले त्यात आले. गाजावाजा या आकड्याचाच झाला. मला दुसरा बदल मोठा वाटतो. दिव्यांग व्यक्तीच्या नव्या व्याख्येत टक्केवारीच नाही. दीर्घकाळचे वैगुण्य आणि समाजातले अडथळे मिळून ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाहीत, तो दिव्यांग. सरकारी नोकरीतल्या राखीव जागांना मात्र ४०ची अट आहे.

पण खिडकीवरचा कारकून प्रत्येक कामाला तीच अट लावतो! कारकुनाचे सोडा. लिहिताना बोटे आखडणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक मिळेना. अखेर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही.

तेव्हा प्रमाणपत्रावर ३० आले म्हणून ते कपाटात टाकू नका. हवी ती सोय लेखी मागा, पोच घ्या. सरकारी कार्यालयाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचाच असतो. तिथेही दाद लागली नाही, तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे.