१०० चा प्लॅन, ११ चा स्पीड: वेग नेमका कुठे गळतो?

आजचा एपिसोड थोडा तांत्रिक आहे, पण हातात फोन असलेल्या कुणालाही जमेल इतपतच. घरी फायबर आहे, बिल १०० एमबीपीएसचं भरतोय, आणि स्पीड टेस्ट लावली की काटा ११ वर येऊन बसतो. का?

मी त्र्यंबकेश्वरचा. पुण्यातल्या कंपनीसाठी घरून कोडिंग करतो. त्यामुळे गल्लीत कुणाचंही नेट बिघडलं की पहिली हाक मला येते, कस्टमर केअरचा नंबर त्यानंतर. आणि आमच्याकडे या प्रश्नाचं एक ठरलेलं उत्तर आहे: "अरे, आपण नाशिकपासून तीस किलोमीटर आत, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी. इथे एवढंच येणार." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आज आधी त्याचाच हिशोब करून टाकू.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे नाशिक ते त्र्यंबक हे अंतर त्याला ०.१५ मिलिसेकंदाचं. जाऊन-येऊन ०.३. पापणी लवायलासुद्धा शंभराच्या वर मिलिसेकंद लागतात! बरं, वाटेत प्रकाश संपतो म्हणावं, तर तेही नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काओ नावाच्या शास्त्रज्ञाने मांडलं होतं की, काच पुरेशी शुद्ध केली आणि किलोमीटरमागची घट २० डेसिबलच्या खाली आणली, तर काचेतून संदेशवहन शक्य आहे. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एकच भाग प्रकाश उरणार. तेवढंसुद्धा तेव्हा स्वप्न होतं. आज आपल्या घरापर्यंत येणाऱ्या फायबरमध्ये ही घट ०.३५ च्या आसपास असते, म्हणजे किलोमीटरनंतर शंभरातले ९२ भाग शाबूत. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं ते या कामासाठी. तेव्हा डोंगराला दोष देणं आजपासून बंद.

मग वेग जातो कुठे? आधी वाटेचे दोन तुकडे करा. पहिला, बाहेरून घरातल्या त्या पांढऱ्या डब्यापर्यंत. त्याला ओएनटी म्हणतात. प्रकाशाचा डेटा होतो तो तिथे. दुसरा, त्या डब्यापासून तुमच्या फोनपर्यंत. पहिला तुकडा कंपनीचा, दुसरा आपला. तक्रार करताना आपण दोन्ही एकत्र करून "नेट स्लो आहे" म्हणतो, आणि समोरचा माणूस "राउटर बंद करून चालू करा" म्हणतो. दोघांनाही काही कळलेलं नसतं.

तुकडे वेगळे करायची युक्ती एकच आहे. लॅपटॉप घ्या, लॅन केबलने थेट डब्याला जोडा, वाय-फाय बंद करा, बाकीच्यांचे फोन पाच मिनिटं वाय-फायवरून काढा आणि टेस्ट लावा. केबलवर ९४-९५ आला आणि फोनवर ११, तर कंपनीला फोन करून काही उपयोग नाही. केबलवरही ११ आला, तर आता तुमच्या हातात पुरावा आहे.

इथे दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे बिट आणि बाइट. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड होताना दिसणारा आकडा बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये. एका बाइटचे आठ बिट. म्हणजे १०० च्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ एमबीने उतरत असेल, तर तुम्हाला पूर्ण माल मिळतोय. भांडू नका. दुसरं, प्लॅन ३०० चा आणि केबलवर टेस्ट बरोबर ९४-९५ ला अडकते. हा आकडा लक्षात ठेवा. पोर्ट किंवा केबल १०० च्या मर्यादेत चालतेय असा त्याचा अर्थ. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००० च्या वेगाला चारही लागतात. दारात चेपून एखादी जोडी तुटली, की दोन जोड्यांवर काम भागवलं जातं आणि वेग निमूटपणे १०० वर येतो. कुठलाही लाल दिवा लागत नाही.

आता एक खरी केस सांगतो, कारण आमच्या गावातले बरेचसे प्रॉब्लेम हिच्यासारखेच असतात.

शेजारच्या काकूंचं जुनं घर. वर तीन खोल्या आहेत, त्या पूजेला येणाऱ्या यजमानांना देतात. नारायण नागबळीची पूजा तीन दिवसांची, त्यामुळे माणसं तीन दिवस राहतात. काकूंची मुलगी बीएस्सी झालेली, एका कंपनीच्या ऑनलाइन मुलाखती देत होती. पहिल्या फेरीत तिचा व्हिडिओ चार वेळा गोठला. दुसरी फेरी गुरुवारी. आणि घरात ठरत आलं होतं की, तिने नाशिकला मैत्रिणीच्या रूमवर जाऊन राहायचं. नोकरी लागली तरी तिथूनच करायची, कारण "आपल्याकडे नेट चालत नाही". कस्टमर केअरने तोडगा सुचवला होता: ३०० चा प्लॅन घ्या.

केबलवर टेस्ट लावली. ९४. म्हणजे कंपनीकडून येणारं सगळं व्यवस्थित येत होतं. राउटरशेजारी उभं राहून फोनवर, पाच गिगाहर्ट्झवर, ९०. मुलगी जिथे बसायची त्या मागच्या खोलीत, ११. आणि संध्याकाळी वर यजमान असताना तिथेच पुन्हा लावली, तर २, आणि पिंग ६०० मिलिसेकंद.

राउटर होता पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या डोक्यावर. का? तर वायर त्या खिडकीतून आत आली म्हणून. वायर जोडणारे दादा घाईत असतात, जिथे वायर संपते तिथे डबा बसतो. तिथून मागच्या खोलीपर्यंत दोन भिंती, दोन-दोन फुटी, दगडाच्या. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते पण अशा भिंतीत जिरते. मग फोन गुपचूप २.४ वर उतरतो. २.४ भिंतीतून जाते, पण तिथे गर्दी फार. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल मोजून तीन, १, ६ आणि ११. आणि आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येकाचा राउटर तिथेच ओरडतोय. शिवाय साध्या फोनला २.४ वर अँटेना एकच असेल तर कागदावरचा वेगच ७२, हातात पडतो त्याच्या अर्ध्याच्या आसपास. प्लॅन ३०० चा घ्या नाहीतर ५०० चा, या खोलीत काही बदललं नसतं.

आता ११ चे २ का झाले? वाय-फाय म्हणजे एका खोलीत बसलेली माणसं, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. वरच्या मजल्यावर आठ फोन, सिग्नल दोन काड्या. दूरचा फोन हळू बोलतो, म्हणजे तेवढाच डेटा पाठवायला जास्त वेळ माइक धरून बसतो. आणि ते पाठवत काय होते? पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, सगळे दर्शन घेऊन आलेले, कुशावर्तावरचे फोटो आणि व्हिडिओ काढून झालेले. खोलीवर येऊन वाय-फाय मिळालं रे मिळालं की फोटो बॅकअप सुरू. यात कुणाचीच चूक नाही, फोन आपापलं काम करत होते. पण खाली मुलीच्या कॉलला बोलायची संधीच मिळत नव्हती.

उपाय स्वस्त निघाला. राउटर कपाटावरून उतरवून जिन्याच्या तोंडाशी उघड्यावर आणला. पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं आणि त्याला वेगाची मर्यादा घातली. ही सोय बऱ्याच राउटरमध्ये असते, कुणी उघडून बघत नाही इतकंच. आणि मुख्य म्हणजे मागच्या खोलीपर्यंत पंधरा मीटरची कॅट-६ केबल भिंतीच्या कडेने नेली. पाचशेच्या आत काम झालं. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते, मग पंधरा मीटरचं काय. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, फक्त ते अखंड मिळायला हवेत. गुरुवारी वर यजमान होते, बॅकअपही चालू असणार. कॉल चाळीस मिनिटं चालला, एकदाही गोठला नाही. सध्या ती त्याच टेबलावरून नोकरी करते. काकू मात्र अजूनही सगळ्यांना सांगतात की मी कंपनीला दम दिला.

आता दुसरी बाजू: केबलवरच वेग कमी येतोय. इथे वेळ महत्त्वाची. सकाळी सहाला टेस्ट लावा आणि रात्री नऊला लावा, तीन-चार दिवस. सकाळी ९५ आणि रात्री ३० येत असेल तर गळती पोलवर किंवा त्याच्या पलीकडे आहे. तुमच्या घराला स्वतंत्र फायबर येत नाही. एका तंतूतला प्रकाश स्प्लिटरने बऱ्याचदा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. जीपॉन या पद्धतीत त्या सगळ्यांत मिळून खाली येणारा वेग २.४८८ जीबीपीएस. ३२ घरांत समान वाटला तर वाट्याला ७७ एमबीपीएस येतात. एरवी सगळे एकदम डाउनलोड करत नाहीत म्हणून तुम्हाला १०० दिसतो. काही छोटे ऑपरेटर जुनी ईपॉन पद्धत वापरतात, त्यात हंडाच १ जीबीपीएसच्या आसपासचा. त्यावर कनेक्शनं वाढवत नेली की रात्रीची मॅच सुरू झाल्यावर काय होतं ते सांगायला नको. हे राउटर बदलून सुटत नाही. ऑपरेटरला घरं कमी करावी लागतात किंवा मागची लाइन वाढवावी लागते.

अजून एक गोष्ट तपासा. "अनलिमिटेड" लिहिलेल्या बऱ्याच प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीसारखी मर्यादा असते. एका घराला ती पुरून उरते, पण खोल्या भाड्याने देणाऱ्या घराने नजर ठेवलेली बरी.

आणि प्रकाशच कमी येत असेल तर? राउटरच्या सेटिंगच्या पानावर, किंवा लाइनमन दादांच्या मीटरवर, डीबीएममध्ये एक उणे आकडा दिसतो. उणे १५ ते उणे २४ मध्ये असेल तर निवांत. नेहमीच्या जीपॉन डब्याची हद्द उणे २७ च्या आसपास. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे २१ वरून २४ हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. पण एक गैरसमज काढून टाका: प्रकाश निम्मा झाला म्हणून वेग निम्मा होत नाही. हद्दीच्या आत सगळं ठीक चालतं. हद्दीजवळ गेलं की चुका वाढतात, नेट अडखळतं, तुटतं, पुन्हा येतं. हद्द ओलांडली की एलओएसचा लाल दिवा. त्यामुळे रोज एकसारखा, स्थिर पण कमी वेग येत असेल तर फायबरवर संशय घेऊ नका. पावसात तुटत असेल तर घ्या. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. पोलवरच्या जोडाच्या डब्यात पाणी शिरलं की झालं.

घरातलं फायबरही बघा. खिळ्याला गुंडाळलेलं, खिडकीच्या फटीत काटकोनात दाबलेलं. तीव्र वळणावर प्रकाश काचेतून बाहेर सांडतो. घरासाठीच्या नव्या जी.६५७ प्रकाराचं फायबर १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण सोसतं, जुन्याला ३० लागतं. आणि कृपा करून कनेक्टर काढून त्याच्या तोंडात डोळा घालून बघू नका. तो प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसणार काहीच नाही, धोका मात्र आहे.

माकडांबद्दल विचारणार तुम्ही, मला माहितीये. २०१५ मध्ये बातमी आली होती की वाराणसीत गंगेच्या काठाने टाकलेल्या फायबर केबल माकडं कुरतडतात. आणि दाटीवाटीच्या देवळांच्या गावात खोदून वायर टाकायला जागा नाही, हीसुद्धा अडचण त्यात होती. आमचं गाव वाचल्यासारखं वाटलं. माकडं इथेही आहेतच, आणि आता सिंहस्थासाठी जेसीबीही. मात्र तिसऱ्या श्रावणी सोमवारी प्रदक्षिणेच्या गर्दीत मोबाइलचं नेट मरतं, त्याचा घरच्या फायबरशी संबंध नाही. ते टॉवर वेगळे, त्यांची गर्दी वेगळी.

तक्रार करताना "स्लो आहे" असं म्हणू नका. म्हणा: "केबलवर, बाकी सगळं काढून, सकाळी ६ ला ९५ आणि रात्री ९ ला २८, चार दिवसांचे स्क्रीनशॉट आहेत, डीबीएम उणे २० आहे." पलीकडचा आवाज लगेच बदलतो. डॉकेट नंबर मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं. पण "सरकारी व्याख्येत बसत नाही" हा मुद्दा काढू नका. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ एमबीपीएस आहे, त्याआधी ५१२ केबीपीएस होती. त्या हिशोबाने काकूंची मागची खोलीसुद्धा ब्रॉडबँडच होती.

तुमचे सकाळ-रात्रीचे आकडे पाठवा, गाव आणि प्लॅन लिहून. केबलवरचेच पाठवा, वाय-फायचे नको. पुढच्या वेळी त्यातले दोन-तीन घेऊन बसू.