एक घास तर घे



लंबोदरासमोर उभं राहून पोटाच्या ऑपरेशनावर बोलायचं म्हणजे धारिष्ट्यच. पण विषय घरातूनच निघाला, म्हणून आम्ही दोघांनी तो घेतला.

गेल्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या भाचीचा फोन आला. वजन 120 किलो, साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे. तिकडच्या विम्यानं ऑपरेशनाला नकार दिला आणि पदरचे पैसे घालणं झेपेना. "मामी, इंदूरलाच करून घेते. दोन आठवडे राहीन." आम्ही काय म्हणालो? "अगं, भात-साखर सोड, फिरायला जा!" ती गप्प झाली. पंधरा वर्षं ती तेच करत होती.

परदेशातून वजनासाठी भारतात येणं नवं नाही. 2017च्या फेब्रुवारीत इजिप्तची इमान अहमद मालवाहू विमानानं मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. वजन सुमारे 500 किलो सांगत. मार्चमध्ये ऑपरेशन झालं, वजन झपाट्यानं उतरलं. मग बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद झाला, मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरात ती तिथेच गेली. हृदय आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली होती. वर्तमानपत्रांनी किलोच मोजले. ऑपरेशनानंतर सांभाळायचं कोणी, हा प्रश्न मागे पडला.

आमच्या भाचीचं 'स्लीव्ह' झालं. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याएवढी नळी. भूक चेतवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरकही कमी होतं. आधी नुसतं पातळ, मग मऊ, मग हळूहळू नेहमीचं जेवण. आणि बी-12, लोह, कॅल्शियम यांवर कायमचं लक्ष. हे स्वस्त तिकिटात कोणी धरत नाही. तिचं परतीचं विमान तर दहाव्या दिवशी होतं! टाक्यांतून गळती झाली तर ती पहिल्या काही आठवड्यांत कळते, आणि इतका वेळ बसून पायांत रक्ताची गुठळी होण्याची भीती वेगळीच. भांडून तारीख बदलायला लावली. पैसे गेले, जाऊ देत. तिकडचा डॉक्टर दुसऱ्यानं केलेलं ऑपरेशन हाती घ्यायला तयार आहे का, हे मात्र तिनं इथे येण्याआधी विचारायला हवं होतं. आम्हीही सुचवलं नाही.

अठराव्या दिवशी म्हणाली, "मामा, सराफ्यात न्या." सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं खाली आली होती आणि ओट्यांपुढे कढया चढल्या होत्या. गराडू तळले जात होते, भुट्ट्याच्या किसाचा वास, पलीकडे ताटाएवढी जलेबी. ती नुसती उभी राहून बघत होती. आणि आम्ही, सगळं कळत असूनही, द्रोण पुढे केला: "एक घास तर घे, इतक्या लांबून आलीस."

"मामी, तुम्हीच असं केलंत तर मी कुणाकडे जाऊ?"

गराडूचा द्रोण आमच्या हातातच गार झाला.

यंदा ती गणपतीला आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. एक उकडीचा मोदक अर्धा तास पुरवते. प्रसादाच्या वेळी तिच्या पानात दुसरा वाढू नका, एवढं आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघराला आम्ही कालच सांगून ठेवलं आहे.